कारखाना बंद, मालक गायब, मग ॲस्बेस्टॉसमधी काम केलेलं शाबीत कसं करायचं

पहिलं म्हणजे कंपनीच्या मागं पळू नका. आम्ही आठ महिने पळालो. मामा ७९ ते ९१ मुंबईकडं एका शिमेंट पत्र्याच्या कारखान्यात होते (पत्र्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे एक धागेदार खनिज घालायचे, त्याची धूळ फुप्फुसात बसते), नंतर गावी येऊन सीझनच्या आधी साखर कारखान्यात कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली बॉयलरच्या पायपांना लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवायचं गुंडाळण, करायचे. दम लागायला लागला तसं सगळ्यांनी टीबी म्हटलं, सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या, शेवटी सीटी बघून एका डॉक्टरनी विचारलं की काका कामाला कुठं होता. तोवर कारखान्याच्या जागेवर टॉवर उभारलेत आणि कॉन्ट्रॅक्टर वारलाय. गेटवर वॉचमनला काय विचारणार.

बंद कंपनीचे कागद दुसऱ्यांच्या दप्तरात पडून असतात, पीएफवाले, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), कारखाने व बॉयलर खातं, प्रदूषण मंडळ, लिक्विडेटर (बुडालेल्या कंपनीचा कारभार गुंडाळणारा अधिकारी). तिथनं ते काढायचे. शाबीत काय करायचंय हे आधी डोक्यात पक्कं पाहिजे: माणूस तिथं कामाला होता, तिथं ॲस्बेस्टॉस होतं, त्याचा हात त्यात होता, आणि आत्ताचा आजार त्यातनंच झालाय. बहुतेकांचं पहिलं बऱ्यापैकी निघतंय, तिसरं कच्चं राहतंय.

सुरवात घरच्या ट्रंकेपासनं करा. पीएफची वार्षिक स्लिप, ईएसआयचं कार्ड, बोनसची पावती, युनियनची पावती हे तर बघाच, पण पतसंस्थेतनं कर्ज काढलं असेल तर त्याला पगाराचा दाखला जोडलेला असतोय, तो संस्थेच्या फाईलला सापडू शकतो. खंडेनवमीला मशीनची पूजा करून काढलेला ग्रुप फोटो असतोय बघा, मामांच्या फोटोत मागं पोत्यांची थप्पी आहे आणि पोत्यावरची अक्षरं भिंगातनं वाचता येतात, आमच्याकडचा सगळ्यात भारी कागद तोच ठरला. चाळीचं भाडं, मुंबईचं रेशनकार्ड, गणपती मंडळाची स्मरणिका, काही टाकू नका. आणि हौसेनं लॅमिनेशन करू नका! तीस वर्षांपेक्षा जुना कागद जिथं असायला पाहिजे तिथनंच निघाला असेल तर तो खरा धरायची मुभा कोर्टाला असते (साक्ष अधिनियम २०२३, कलम ९२, जुन्या कायद्यात कलम ९०), म्हणून तो कुणाच्या ट्रंकेत होता तेपण लिहून ठेवा.

जुन्या पीएफ नंबरच्या सुरवातीला एमएच असलं तर महाराष्ट्र, केएन असलं तर कर्नाटक. त्यावरनं कुठल्या ऑफिसला लिहायचं ते कळतंय. नंबरच नसेल तर कंपनीचं नाव, पत्ता आणि साल देऊन आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

आरटीआयचं आपल्या सीमाभागातलं एक सांगतो, कायद्यात इंग्लिश, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे, म्हणजे बेळगावच्या ऑफिसात मराठी अर्ज परत येऊ शकतो. भाषेचा वाद आपल्याला नवा नाही पण तो ह्या अर्जावर काढू नका, दम लागलेल्या माणसाकडं तेवढा वेळ नसतोय, कन्नडमधे लिहून घ्या. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्द. फी १० रुपये. "ॲस्बेस्टॉस होतं काय" असला प्रश्न घालू नका, कागद मागा: अमुक कारखान्याच्या लायसन्सची फाईल, मंजूर नकाशा, अमुक सालापासनं अमुक सालापर्यंतचे तपासणी शेरे, यांच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील टाकायचं, कंटाळायचं नाही.

तिथं ॲस्बेस्टॉस होतं हे दाखवायला माझ्या मते प्रदूषण मंडळाची फाईल सगळ्यात कामाची. १९८९ साली घातक कचऱ्याचे नियम आले, त्यात ॲस्बेस्टॉसचा कचरा येतोय, त्यामुळं त्यानंतर चालू असलेल्या कारखान्याच्या परवानगीच्या कागदात कच्चा माल आणि कचरा काय ते लिहिलेलं मिळू शकतं. त्याआधी बंद पडलेल्यांना फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या दप्तराशिवाय मार्ग नाही. साखर कारखाने, फाउंड्री, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली जुनी शेड, इथं ॲस्बेस्टॉस बनत नव्हतं पण दोरी, गॅस्केट, लॅगिंग म्हणून वापरात यायचं, तिथं स्टोअरच्या नोंदी आणि मेंटेनन्सची टेंडरं मागा.

आता तिसरं, हातानं काय केलं. "धुळीत काम केले" असं एका ओळीचं ॲफिडेव्हिट वकील करून देतोय, त्याला काही किंमत नाही. संध्याकाळी शेजारी बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि विचारत जा, पोतं कशानं फाडायचा, मिक्सरमधे कोण ओतायचं, पत्रा कशानं कापायचा, दोरी कुठं बसून तोडायचा, दिवसाला किती तास, पंखा कुठं होता, तोंडाला काय बांधायचा. मामा म्हणाले टॉवेल बांधायचो आणि जेवायच्या सुट्टीत त्याच टॉवेलनं डबा पुसायचो. असलं वाक्य कुठला वकील लिहिणार? त्यांच्याच मराठीत आधी लिहून घ्या, सही घ्या, मग भाषांतर. कपडे घरी धुतले जायचे काय हेपण घाला, कारण मामींनापण आता खोकला आहे.

साक्षीदार दोन तरी पाहिजेत, शक्यतो भावकीतले नकोत. सापडायला सोपी जागा म्हणजे गावची जत्रा, मुंबईला गेलेले सगळे त्या दिवशी येतात. एकाच खात्यातला माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. आजारी माणसाची तब्येत फारच खालावली असेल तर जबाब लवकर नोंदवून घ्या असा अर्ज वकिलाला करायला सांगा, दिवाणी संहितेत आदेश १८ नियम १६ त्यासाठीच आहे.

डॉक्टरकडं गेल्यावर केसपेपरवर कामाचा इतिहास लिहायला लावा, कुठं, किती वर्षं, कशात. हा आजार फुप्फुसात ॲस्बेस्टॉसची धूळ गेल्यावर पंधरा वीस वर्षांनी, कधी चाळीस वर्षांनीपण निघतो, त्यामुळं नुसतं "खोकला, धाप" लिहिलं तर धागा तुटतो. एचआरसीटी (फुप्फुसाचा बारीक सीटी), स्पायरोमेट्री (फुंकर मारायची श्वासाची तपासणी) आणि डीएलसीओ (फुप्फुसातनं वायू रक्तात किती जातो त्याची तपासणी) करून घ्या, रिपोर्टमधे फुप्फुसाच्या आवरणावर प्लाक, म्हणजे जाड चट्टे आहेत काय ते नीट विचारा. बायोप्सी झाली असेल तर ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) जपून ठेवायला सांगा. बिडी ओढत असेल तर लपवू नका, उलटतपासणीत निघतंयच. आजार व्यवसायातला आहे काय ह्यासाठी अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि तिचं बेंगळुरूचं केंद्र आहे, रेफरन्स लेटर घेऊन जा.

सुप्रीम कोर्टाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल वकिलाला दाखवा. त्यात ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराचं आरोग्याचं रेकॉर्ड कामाला लागल्यापासनं ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, जे उशिरा संपेल तोवर ठेवायचं असा आदेश आहे. मामांचं २०१९ ला संपलं, आम्हाला उशिरा कळलं. ९० साली लागलेल्या माणसाचं २०३० पर्यंत आहे, त्यानं आजच लेखी मागणी करावी आणि पोच ठेवावी.

दावा कुणावर टाकायचा? आधी ईएसआय होतं काय बघा. असेल तर मागणी ईएसआय महामंडळाकडं करायची, कंपनी बंद असली तरी त्याला काही बाध नाही, आणि नाकारलं तर ईएसआय कोर्ट आहे. त्या काळासाठी मालकावर वेगळा नुकसानभरपाईचा दावा मात्र करता येत नाही. ईएसआय नसेल तर १९२३ चा भरपाई कायदा. तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसिस (ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) आहे, आणि तो आजार अनेक मालकांकडं काम करून झाला असेल तर भरपाईचा कमिशनर सगळ्यांत वाटणी करू शकतो, म्हणजे चालू असलेला एक जरी सापडला तरी दावा उभा राहतो. कॉन्ट्रॅक्टर मेला तरी कलम १२ खाली ज्यांचं काम होतं तो मुख्य मालक जबाबदार, आमच्या केसमधे तेच धरलंय. दावा आपण राहतो तिथल्या कमिशनरकडं टाकता येतो, मुंबईला हेलपाटे नकोत. मुदत दोन वर्षांची, उशीर झाला असेल तर कारण पटवावं लागतं, म्हणून पहिल्यांदा आजाराचं नाव पडलेला रिपोर्ट तारखेसकट जपा. २१ नोव्हेंबर २०२५ पासनं ह्या जुन्या कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, तुमच्या तारखांना कुठला कायदा लागतो ते वकिलाकडनं लिहून घ्या.

कंपनीचं नाव एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साईटवर टाकून स्टेटस बघा. दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर तिला पकडा. लिक्विडेशनमधे असेल तर लिक्विडेटरला पत्र, रेकॉर्ड आणि विमा पॉलिसी दोन्ही मागा, कारण १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम १४ प्रमाणं बुडालेल्या मालकाचा विमा कंपनीवरचा हक्क कामगाराकडं येतो. रजिस्टरवरनं नाव काढलेलं असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम २५२ बघा, नाव परत लावा असा अर्ज वीस वर्षांच्या आत कामगारपण एनसीएलटीकडं (कंपन्यांच्या खटल्यांचं न्यायाधिकरण) करू शकतो. हे आमच्या पहिल्या वकिलालापण माहीत नव्हतं.

फाईलच्या तीन झेरॉक्स काढा, एक वकिलाकडं, एक घरी, एक जावयाकडं नाहीतर भाच्याकडं. ओरिजनल ट्रंकेतच राहू द्या, तारखेला स्वतः घेऊन जा आणि स्वतः परत आणा.