कुंतीची लाल फळं हवीत? मग बी वाळवू नका

पावसाळ्यात पांढऱ्या फुलांनी घमघमणारी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास शेंदरी-लाल फळांनी लगडणारी कुंती जांभ्याच्या गडग्यालगत शोभते तसं दुसरं झुडूप शोभत नाही. काही ठिकाणी हिला कामिनी म्हणतात.

रोप घेताना पान चुरगाळून बघा. कढीपत्त्याचा वास आला तर ते रोप घेऊ नका. दोन्ही झाडं लिंबाच्याच कुळातली, त्यामुळे नवखा माणूस फसतो. कुंतीच्या पानाला बहुधा पाच-सात चकचकीत पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं) असतात, कढीपत्त्याला त्याहून बऱ्याच जास्त. फळ दिसलं तर प्रश्नच मिटतो: कुंतीचं लाल, लांबट, कढीपत्त्याचं काळं.

आता बी. ‘बी उन्हात खडखडीत वाळवा, जूनमध्ये पेरा’ हा सल्ला मी दोन वर्षं पाळला आणि दोन्ही वर्षं एक कोंब दिसला नाही. भेंडी-पडवळाचं बी तसं ठेवतात, कुंतीचं नाही. हे बी ताजंच रुजतं. फळ पूर्ण लाल झालं, बोटाने दाबल्यावर मऊ लागलं की त्याच दिवशी काढा. उशीर केलात तर बुलबुल शिल्लक ठेवत नाहीत. गर पाण्यात चोळून पार धुऊन टाका. गर राहिला की बुरशी धरते आणि मुंग्या येतात. आतलं बी लवदार असतं, ती लव खरवडू नका. त्याच संध्याकाळी माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घेऊन पिशव्या भरा आणि बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकंच खोल पेरा. पिशव्या सावलीत ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको. माझ्याकडे कोंब यायला महिनाभर लागतो. तोवर उकरून बघायचं नाही म्हणजे नाही!

उन्हाळा पिशवीतच काढा, पाऊस लागला की लावा. पागोळ्यांखाली मात्र नको, मुळं कुजतात.

छाटणी फळं गळून गेल्यावरच. कुंपण सारखं दिसावं म्हणून महिन्या-महिन्याला कातरणारे फुलोराच कापून टाकतात आणि मग ‘आमच्याकडे फळं धरत नाहीत’ म्हणतात.

आणि परसात लिंबू असेल तर कुंती लावूच नका. लिंबावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कुंतीच्या कोवळ्या पालवीवरही वाढते.