जड कॅमेऱ्यासाठी पट्टा निवडताना

ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत फ्लेमिंगो टिपायला जाणाऱ्यांकडे बहुधा १५०-६०० मिलिमीटरची लेन्स असते आणि कॅमेऱ्यासह हे वजन सहज अडीच किलोंच्या पुढे जाते. कॅमेऱ्यासोबत मिळणारा गळ्यातला पट्टा एवढ्या वजनासाठी वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे; मान तर अवघडतेच, शिवाय बोटीत वाकताना कॅमेरा पुढे झोके घेतो. खांद्यावरून तिरपा जाणारा रुंद पट्टा घ्यावा आणि तो कॅमेऱ्याला न जोडता लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरला (तिपाईवर बसवण्यासाठी लेन्सभोवती असलेल्या कड्याला) जोडावा, म्हणजे सारा भार लेन्स माउंटवर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या सांध्यावर, येत नाही.

खरेदी करताना शिवण नीट पाहावी. जिथे पट्टा कडीतून वळून पुन्हा स्वतःवर शिवलेला असतो, तिथे चौकोन आणि त्यात फुलीची दाट शिवण असावी. एकच सरळ टाका असेल, तर तो पट्टा बाजूला ठेवावा. हुक धातूचा आणि फिरवून बंद होणाऱ्या कुलपाचा असावा. स्क्रूने जोडणाऱ्या पट्ट्यात खरा धोका स्क्रू हळूहळू सैल होण्याचा असतो, त्यामुळे रबरी वॉशर असलेलाच घ्यावा, निघण्यापूर्वी तो आवळावा आणि कॅमेऱ्याच्या कडीला वेगळी सुरक्षा दोरी बांधावी.

खाडीच्या खाऱ्या हवेने धातू गंजतो. घरी आल्यावर हुक व स्क्रू ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत, आणि गंज दिसताच ते बदलावेत.