मालवण ते मुंबई किनाऱ्याने: चार-पाच गाड्या घेऊन निघताय? या चुका टाळा

माझं घर गुहागर तालुक्यात. नाताळची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईचे मित्र, भाचे, भाच्यांचे ऑफिसातले ग्रुप असे सगळे मला एकच बेत पाठवतात: मालवणहून मुंबई, समुद्राला धरून, चार-पाच गाड्या, दोन दिवस. मोबाइलवरची निळी रेघ पाहून तो बेत सोपा वाटतो. पण या वाटेवर आचरा, वाघोटन, जैतापूर, पूर्णगड, भाट्ये, जयगड, दाभोळ, बाणकोट, राजपुरी, कुंडलिका अशा एकामागून एक खाड्या आडव्या येतात. काहींवर पूल आहेत, काही फेरीबोटीने ओलांडायच्या. किती वाजता कुठे पोचायचं हे खाड्या ठरवतात, आणि बेत आखताना नेमका त्यांचाच कुणी विचार करत नाही.

हायवेचा हिशोब किनाऱ्याला लावू नका

किनाऱ्याच्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर धरा, त्याहून जास्त नाही. रस्ता वाईट आहे म्हणून नव्हे. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, खाली वाडीत, वाडीतून परत सड्यावर, असा तो सारखा चढत-उतरत राहतो. वाडीत शिरलात की दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधे एका गाडीपुरती जागा. समोरून एसटी आली तर मागे तुम्हालाच जायचंय. चार गाड्या एकमेकींना चिकटून आत शिरल्या असतील तर चौघांना रिव्हर्स घ्यावा लागतो, आणि चौथ्याला पुढे काय झालंय हे दिसत नसल्यामुळे तो हॉर्न वाजवत बसतो. वाडीत शिरताना गाड्यांमध्ये एका वळणाचं अंतर ठेवा.

मी सांगतो ते मुक्काम असे: पहिला गणपतीपुळे किंवा मालगुंड, दुसरा दापोलीजवळ मुरुड किंवा कर्दे, तिसरा दिवेआगर, चौथा अलिबाग. एवढे दिवस हातात नसतील तर ६६ नंबरच्या महामार्गाने या आणि किनाऱ्याचा एकच तुकडा निवांत बघा. दोन दिवसांत सगळा किनारा उरकणाऱ्यांना शेवटी फक्त पुढच्या गाडीचे टेललाइट दिसलेले असतात. कोकण इतक्या घाईने बघायची गोष्ट नाही, हे मी दरवर्षी सांगतो आणि सांगत राहणार.

खाडी तुकड्यातुकड्यांनी ओलांडू नका

या चुकीबद्दल मला सविस्तर सांगायचंय, कारण तिच्यामुळे माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची रात्र फार वाईट गेली.

आते-मामे भावंडांचा ग्रुप होता, चार गाड्या. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरले, हेदवीचं मंदिर पाहिलं आणि बामणघळीवर, म्हणजे तिथल्या समुद्रकाठच्या खडकातल्या अरुंद भेगेपाशी, पोचले. भरतीची वेळ होती, घळीत पाणी चढून फवारे उडत होते. तीन गाड्या निघाल्या. चौथ्या गाडीतले म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही दहा मिनिटांत येतो." दहा मिनिटांचा तास झाला. पुढच्या तिघांनी धोपावे गाठलं, बोट लागलेलीच होती, ते चढले आणि दाभोळला उतरले. चौथी गाडी धोपाव्याला आली तेव्हा शेवटची फेरी निघून गेली होती.

समोर दाभोळचे दिवे दिसतात. मधे फक्त वाशिष्ठीची खाडी. पण रस्त्याने जायचं तर मागे गुहागर, तिथून चिपळूण, खेड, दापोली असा शंभर किलोमीटरच्या वरचा फेरा, रात्रीचा, घाटवळणांचा. त्यात या चौथ्या गाडीतल्या ताईंची पाच वर्षांची मुलगी भावंडांबरोबर खेळायला म्हणून पहिल्या गाडीत बसलेली. तिचं दम्याचं औषध आईच्या पर्समध्ये. औषध एका काठावर, पोर दुसऱ्या काठावर. त्यांचा फोन आला तेव्हा ताईंना धड बोलताही येत नव्हतं. मी चिपळूणपर्यंतचा रस्ता समजावला आणि सांगितलं, घाई करू नका, दापोलीत डॉक्टर आहेत, पलीकडच्यांना आधीच तिकडे जायला सांगा. सुदैवाने मुलीला रात्री त्रास झाला नाही. गाडी पहाटेच्या सुमारास पोचली.

म्हणून माझे नियम पक्के आहेत, आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांना ते पाळावेच लागतात. जेट्टीवर सगळ्या गाड्या आल्याशिवाय एकही बोटीवर चढत नाही. सगळ्या एका फेरीत मावल्या नाहीत तर पहिली गाडी पलीकडच्या जेट्टीवरच थांबते. पोरं आपापल्या आईबापांच्या गाडीत, औषधं ज्याची त्याच्याजवळ. सगळ्यात हळू चालवणारा दुसऱ्या नंबरावर, म्हणजे पहिल्याला आरशात तो दिसत राहतो आणि वेग आपोआप त्याच्या बेताचा होतो. शेवटची गाडी सगळ्यात शांत डोक्याच्या माणसाकडे. हवेचा पंप, दोरी, जॅक त्याच्याच डिकीत. आणि फेरीच्या वेळा त्या दिवशी सकाळी जेट्टीवर फोन करून विचारायच्या. मागच्या वर्षीच्या व्हिडिओत कुणी काय सांगितलं त्यावर विसंबू नये. दिवेलागणीला जेट्टी गाठायची हा माझा बेत कधीच नसतो. मी खाडी दुपारी चारच्या आत ओलांडतो.

ओहोटीला बोटीचा रॅम्प खूप खाली जातो. सेडान असेल तर चालक सोडून सगळ्यांना उतरवा, गाडीचं पोट घासत नाही.

थोडक्यात सांगण्यासारखं

"बारा मिनिटं वाचतील" म्हणून मोबाइल जो आडरस्ता दाखवतो तो बरेचदा चिरेखाणीत नाहीतर कुणाच्या तरी खळ्यात संपतो. गावातल्या माणसाला विचारा, काच खाली करून, गाडी थांबवून.

सड्यावर आणि घाटात नेटवर्क जातं, तेव्हा यूपीआयही जातं. प्रत्येक गाडीत रोख ठेवा.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा.

वीसजणांचं जेवण ऐनवेळी मागू नका. घरगुती खानावळीत मासळी सकाळी माणसं मोजून आणतात. आदल्या संध्याकाळी फोन करा, किती शाकाहारी तेही सांगा, आणि मग वेळेवर जा. सांगून न येणारे ग्रुप त्या बाईंचं किती नुकसान करतात याची त्यांना कल्पना नसते.

अंगारकीला गणपतीपुळ्यात मुक्काम ठेवू नका.

पाण्यात उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारा आणि ते नाही म्हणाले तर उतरू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगडातल्या मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पोहता येतं एवढ्यावर ओहोटीच्या ओढीशी झुंज देता येत नाही.

पुळणीवर गाडी घालू नका

हे वाचून "आम्ही नाही घालत" म्हणाल. दरवर्षी कुणीतरी घालतंच. मोठी गाडी नवी घेतलेली असते, फोटो हवा असतो, वाळू टणक दिसते. किनाऱ्यावर गाडी नेल्याबद्दल पोलीस गुन्हे दाखल करतात, तरी लोक थांबत नाहीत.

कर्द्याला एका ग्रुपची गाडी मी स्वतः ढकललीय. एकादशीचा दिवस. दुपारी तीनला ते खाली उतरले तेव्हा ओहोटी होती आणि ओली वाळू डांबरासारखी घट्ट. तासभर चकरा मारल्या. परत वर यायला लागले तेव्हा भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या, भुसभुशीत पट्ट्यात पुढची चाकं रुतली. चालवणाऱ्याने केलं ते सगळे करतात: ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पोटावर बसली. सूर्य बुडाला, पाणी हातभर, हातभर पुढे येत होतं, आणि चार तरुण मुलं मागून ढकलत एकमेकांवर ओरडत होती.

गावातले तिघे माडाच्या झावळ्या घेऊन आले. त्यांनी आधी सगळ्यांना बाजूला केलं, चाकांपुढची वाळू हातांनी उपसली, टायरमधली हवा निम्म्याच्या जरा वर राहील इतकी काढली, चाकांखाली झावळ्या सारल्या आणि चालकाला सांगितलं, पहिल्या गिअरवर, पाय न दाबता, क्लच हळू सोड. गाडी दोन हात सरकली आणि पुन्हा थांबली. शेवटी ट्रॅक्टर आणावा लागला. वर काढेपर्यंत मागच्या चाकांना लाटा लागत होत्या. अशी गाडी त्याच रात्री खालून गोड्या पाण्याने धुवायला हवी. खारं पाणी ब्रेकमध्ये आणि पत्र्याच्या सांध्यात राहिलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत गंज दिसतो.

भरतीचा ढोबळ हिशोब किनाऱ्यावर पूर्वीपासून तोंडी चालत आलाय, आणि तो मी प्रत्येक नव्या माणसाला शिकवतो. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, पुढे तेवढ्याच वेळाने परत भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कर्द्याच्या त्या मुलांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं असतं तरी संध्याकाळी पाणी चढणार हे त्यांना कळलं असतं. चालत फिरायलाही हा हिशोब उपयोगी आहे, विशेषतः खडकांवर जाताना.

शेवटचा टप्पा मोकळा सोडू नका

चार दिवस नीट आलेले ग्रुप रविवारी संध्याकाळी अलिबागहून निघतात आणि वडखळला अडकतात. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट आहे, २०२० पासून. गाड्यांसकट तासाभरात मुंबईत. पण सुट्टीत ऐनवेळी चार गाड्यांना जागा मिळेल या आशेवर जाऊ नका. सगळ्यांचं आरक्षण एकाच माणसाने, एकाच फेरीचं, निघण्याआधी करून ठेवावं. रस्त्यानेच जाणार असाल तर सोमवारी पहाटे निघा. बरोबर मोटारसायकली असतील तर अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर उलव्यापाशी येऊन फाटाफूट होते. अशा ग्रुपने रो-रोच घ्यावी, तिथे दुचाकी चढते. आणि निरोप मांडव्याच्या जेट्टीवर, बोट लागायच्या आधी घ्या. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर मागच्या गाड्या वाट बघत असतात, तिथे थांबून मिठ्या मारायला आणि सामान अदलाबदल करायला जागा नाही.