समुद्री टँकचं तापमान सांभाळताना या चुका टाळा

होळी झाली की घरी समुद्री मासे पाळणाऱ्यांचे मला फोन यायला लागतात. प्रश्न दरवर्षी तोच: "टँकचं पाणी ३० अंशांवर गेलंय, काय टाकू?" टाकायचं काहीच नसतं. हा प्रश्न विचारणाऱ्याने आदल्या पहाटेचं तापमान बहुतेक वेळा पाहिलेलंच नसतं. पहाटे २६ आणि दुपारी ३० असेल, तर खरं दुखणं त्या ४ अंशांच्या हेलकाव्यात आहे. २८ वर ठाम राहणाऱ्या टँकमध्ये क्लाउनफिश वर्षानुवर्षं धडधाकट राहिलेले मी पाहिलेत. रोज वरखाली होणाऱ्या टँकमध्ये तेच मासे खाणं सोडतात. म्हणून आधी कमाल आणि किमान दोन्ही आकडे लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि आठवडाभर नुसती वही भरा. एवढा धीर फार थोड्यांना असतो, आणि पुढच्या निम्म्या चुका या अधीरपणातूनच होतात.

"मे महिन्यात अरबी समुद्रही तिशीला टेकतो, मग माशांना काय होतंय?" हा युक्तिवादही नेहमीचा. टेकतो, पण तिथे दिवस-रात्रीत फरक फारसा पडत नाही आणि लाटा सतत हवा घुसळत असतात. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू साधारण पाचव्या हिश्श्याने कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ६.२ च्या आसपास. पाणी तापतं तशी माशाची गरज मात्र वाढत जाते. शिवाय समुद्रातल्या जिवांनाही ही उष्णता सोसतेच असं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली ती तापलेल्या पाण्यानेच. मी २५ ते २७ मध्ये ठेवतो आणि दिवसाचा फरक एका अंशाच्या आत राहील असं बघतो.

पंख्याने उडालेलं पाणी खाऱ्या पाण्याने भरणं

पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला छोटा पंखा हा स्वस्तातला सर्वांत चांगला उपाय आहे. १ लिटर पाण्याची वाफ होताना १०० लिटर पाणी सुमारे ६ अंशांनी थंड व्हावं एवढी उष्णता निघून जाते. पण हे सगळं हवेवर अवलंबून. पुण्या-नाशकात एप्रिलच्या कोरड्या दुपारी ३ अंश सहज उतरतात. मुंबई-ठाण्यात आणि खाली कोकणात मे महिन्यात हवाच इतकी दमट असते की वाफ फारशी सुटत नाही. तिथे एखादा अंश मिळाला तरी पुष्कळ.

डोंबिवलीतल्या माझ्या मावसभावाने हेच समजून घेतलं नाही. टँक १५० लिटरचा. एका पंख्याने भागेना म्हणून त्याने दुसरा लावला आणि दोन्ही रात्रंदिवस चालू ठेवले. तापमान थोडंफार उतरलं, तो खूश. काही दिवसांनी फोन आला, "दादा, गोगलगायी उलट्या पडल्यात आणि क्लाउनफिश वरती येऊन धापा टाकतायत." मी म्हटलं, पाणी कशाने भरतोस? "मीठ कालवून ठेवलंय ना बादलीत, त्यातलंच. समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच घालायचं ना?"

त्याच संध्याकाळी खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन गेलो. हजार भागांत ३५ भाग मीठ असायला हवं, त्या जागी ४५ च्या आसपास. हिशेब सरळ आहे. वाफ होते ती पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं. रोज ३ लिटर उडतंय आणि तेवढंच खारं पाणी तो घालतोय, म्हणजे दिवसाला शंभरेक ग्रॅम मीठ जास्तीचं. १५० लिटरमध्ये खारेपणा रोज ०.७ ने चढणार. दोन आठवड्यांत ४५. त्याच्याकडे खारेपणा मोजायचं साधनच नव्हतं. मिठाच्या पाकिटावर प्रमाण लिहिलेलं असताना मोजायचं कशाला, असं त्याला वाटत होतं. गोगलगायी गेल्या. मासे वाचले, कारण आम्ही घाई केली नाही: रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओचं गोडं पाणी घालत, मोजत मोजत खाली आणलं. एका रात्रीत ३५ वर आणलं असतं तर उरलेसुरले खेकडेही हाती लागले नसते.

तेव्हा पंखा लावलात की टँकच्या काचेवर बाहेरून एक रेघ मारा. पातळी रेघेखाली गेली की फक्त गोडं आरओ पाणी, तेही दिवसातून दोनदा थोडं थोडं. स्वयंपाकघरातल्या आरओला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो थोडं साधं पाणी मिसळतो, ते नको. परवडत असेल तर उडालेलं पाणी आपोआप भरणारा सेन्सर घ्या, दिखाऊ लाइटपेक्षा त्यात पैसे घाला. पंख्यासाठी झाकण काढलंत तर वर जाळी बसवा. फायरफिश उडी मारून जमिनीवर पडतो.

एकाच मोठ्या हीटरवर भरवसा

मुंबईकरांनी हा भाग सोडला तरी चालेल. पुण्यात जानेवारीत रात्री पारा १०-१२ पर्यंत उतरतो, तिथे हीटर लागतोच. दुकानदार म्हणतो, "एकच ३०० वॅटचा घ्या, काळजी मिटली." काळजी तिथूनच सुरू होते. हीटर बिघडतो तेव्हा नेहमी बंदच पडतो असं नाही. आतल्या थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले की तो चालूच राहतो. २०० लिटरच्या टँकमध्ये ३०० वॅट म्हणजे तासाला एक अंशाहून जास्त. रात्री ११ ला चिकटला तर सकाळी तुम्ही उठेपर्यंत तिशी ओलांडलेली असते. तेच १०० वॅटचे दोन असतील, तर एक चिकटला तरी खोलीच्या थंडीशी झगडत दोन-चार अंशांवर अडतो, आणि एक बंद पडला तरी दुसरा सकाळपर्यंत तग धरतो.

माझी पद्धत अशी: दोन लहान हीटर, त्यांच्या आधी ठरलेल्या तापमानाला वीज चालू-बंद करणारा वेगळा कंट्रोलर. कंट्रोलर २५.२ वर, हीटरचे स्वतःचे डायल २६.५ वर. कंट्रोलरने दगा दिला तर डायल अडवतो. सम्प, म्हणजे टँकखालची पाणी गाळायची टाकी असेल, तर पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात हीटर ठेवू नका. अशा टँकमध्ये बाष्पीभवनाने पातळी उतरते ती तिथेच, मग काच उघडी पडून तडकते. पाणी बदलताना आधी प्लग काढा, नंतरच पाण्याचा मग हातात घ्या. प्रत्येक वायरला प्लगखाली झोल ठेवा, म्हणजे थेंब बोर्डात न जाता खाली गळतो.

पाणी थंड करणारं यंत्र, म्हणजे चिलर, लावला असेल तर तो २६.८ ला सुरू होऊ द्या. हीटर २६ वर आणि चिलर २५ वर लावलेले टँक मी पाहिलेत. दोघं रात्रभर एकमेकांशी भांडतात आणि बिल तुम्ही भरता. चिलर बंद कपाटात तर नकोच. तो पाण्यातली उष्णता काढून कपाटातल्या हवेत टाकतो आणि तीच गरम हवा परत ओढतो.

बर्फ

नळाच्या पाण्याचे खडे थेट टँकमध्ये टाकणं म्हणजे क्लोरीन आणि गोडं पाणी एकदम ओतणं. बंद बाटलीत गोठवून तरंगवलं तरी १ लिटर बर्फ २०० लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश उतरवतो, आणि वितळला की पाणी पुन्हा चढतं. मोठा पंप आणि दिवे भर दुपारी चालू ठेवून वरून बर्फ घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उन्हाळ्यात दिवे संध्याकाळी ६ नंतर लावा.

पांढऱ्या ठिपक्यांवर उष्णतेचा उपचार

गोड्या पाण्यातले मासे पाळून इकडे आलेल्यांची ही सवय. तिथे माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले की तापमान ३० वर नेऊन ते बरे करतात. समुद्री ठिपक्यांचा परजीवी वेगळा आहे, क्रिप्टोकॅरिऑन. उष्णतेने तो मरत नाही, त्याचं चक्र फक्त भराभर फिरतं, आणि माशाच्या आधीच सुजलेल्या कल्ल्यांना प्राणवायू आणखी कमी मिळतो. मासा वेगळ्या टँकमध्ये काढा आणि तांब्याचा उपचार तिथेच, मोजून करा. मुख्य टँकमध्ये तांबं गेलं तर कोळंब्या आणि गोगलगायी मरतात.

काचेवर चिकटवायची थर्मामीटरची पट्टी खोलीचं तापमानही पकडते, तिच्यावर कंट्रोलर जुळवू नका. पाऱ्याचा थर्मामीटर पाण्यात कधीही नको, फुटला तर टँक संपला. डिजिटल थर्मामीटरचं पाण्यात बुडवायचं टोक बर्फ-पाण्याच्या काल्यात धरून शून्य दाखवतो का बघा, वर्षातून दोनदा.

बदलायचं पाणी गच्चीवरच्या तापलेल्या टाकीतून आलं असेल तर रात्रभर घरात ठेवा.

आणि उन्हाळ्यात दुपारी वीज गेली तर आधी तापमानाकडे धावू नका. हवा आधी. इन्व्हर्टरवर हीटर-चिलर जोडू नका, वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि हवेचा पंप एवढेच जोडा. गोठवलेल्या बंद बाटल्या दोन-तीन फ्रीजरमध्ये कायम ठेवा, त्या याच वेळी कामाला येतात. एकेक करून सम्पमध्ये सोडा आणि तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका.