जमीन आणि शेअरच्या टॅक्समधल्या या चुका टाळा: रजिस्ट्री झाल्यावर नाही, आधी भेटा

वीस वर्षं झाली, लातुरात लोकांचे आयकर रिटर्न भरतोय. जमीन विकलेला माणूस माझ्याकडे येतो तो नेहमी उशिरा येतो. रजिस्ट्री झालेली असते, पैसे भावाभावांत वाटलेले असतात, उरलेले लग्नात गेलेले असतात. मग तो नोटीस टेबलावर ठेवून विचारतो, “काही करता येतंय का बघा.” तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं, आणि ते समोरच्याला सांगताना मलाच वाईट वाटतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे “सातबारा आहे, म्हणजे टॅक्स नाही” ही समजूत.

एका निवृत्त गुरुजींनी 2024 च्या दिवाळीनंतर शहराबाहेरचं वडिलोपार्जित रान 42 लाखांना विकलं. शेजाऱ्याची जमीन रस्त्यात गेली होती आणि त्याच्या मोबदल्याला टॅक्स लागला नव्हता, म्हणून आपल्यालाही लागणार नाही असं त्यांनी धरलं. पण शेजाऱ्याला ती माफी 2013 च्या भूसंपादन कायद्यामुळे मिळाली होती. गुरुजींनी जमीन खासगी माणसाला विकली होती, तिला तो कायदा लागू होत नाही. अंतराचंही तसंच झालं. शहरापासून ठरावीक अंतराबाहेरची शेती विकली तर टॅक्स लागत नाही, म्हणून गुरुजी शहराच्या मध्यावरच्या गंजगोलाई बाजारपेठेपासून मोटारसायकलवर गेले, मीटरवर नऊ किलोमीटर भरले, निश्चिंत झाले.

अंतर गंजगोलाईपासून धरत नाहीत. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीपासून धरतात आणि तेही सरळ रेषेत, हवाई. हद्दीच्या आतली शेती तर शहरीच. बाहेर किती अंतरापर्यंत शहरी धरायची, ते लोकसंख्येवर ठरतं: दहा हजार ते एक लाखाच्या गावाला 2 किलोमीटर, एक ते दहा लाखांना 6, त्यापुढे 8. लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड ही सगळी 6 किलोमीटरवाली. छत्रपती संभाजीनगरला 8, हिंगोलीला 2. गुरुजींचं रान हद्दीपासून चार किलोमीटरवर निघालं.

हिशोब असा झाला. वडिलोपार्जित जुनी जमीन, म्हणून खरेदी किंमतीच्या जागी 1 एप्रिल 2001 ची किंमत दोन लाख धरली, नफा 40 लाख. साडेबारा टक्क्यांनी पाच लाख, वर चार टक्के सेस, एकूण 5 लाख 20 हजार. महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा दुसरा पर्याय असतो (जमीन 23 जुलै 2024 च्या आधीची असेल तर), तोही मांडून पाहिला, तो आणखी जड गेला. शिवाय उशिराचं व्याज.

खरी हळहळ पुढे आहे. हा टॅक्स कायद्यानेच वाचवता आला असता. विक्रीआधीची दोन वर्षं जमीन कसलेली असेल, तर दोन वर्षांत दुसरी शेती घेऊन सवलत मिळते. तोवरचे पैसे रिटर्नच्या मुदतीआधी बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. नाहीतर सहा महिन्यांत आरईसी, पीएफसी यांच्यासारख्या सरकारी कंपन्यांचे टॅक्स वाचवणारे 54ईसी बॉण्ड, 50 लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकवून. गुरुजी आले तेव्हा सहा महिने कधीच उलटून गेले होते. रिटर्नमध्ये फक्त पेन्शन दाखवलेली होती, खातं उघडलेलंच नव्हतं. पैशातून पुण्यात फ्लॅट घेतला होता, तो मुलाच्या नावावर. विकणाऱ्याच्या नावावर घर नसेल तर विक्रीच्या पैशातून घर घेतल्यावर मिळणाऱ्या सवलतीवर वाद उभा राहतो, आणि तो वाद सत्तरीतल्या माणसाने वर्षानुवर्षं लढायचा असतो.

ते म्हणाले, “मला कुणी विचारलंच नाही, तर मी कसं सांगणार?” विचारण्याची गरज नसते. गुरुजींच्या विक्रीच्या वेळी 30 लाख आणि त्यावरचा प्रत्येक व्यवहार दुय्यम निबंधक कार्यालयातून आयकर विभागाकडे जात होता.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. इसार घेण्याआधी हद्दीपासूनच्या अंतराचा लेखी दाखला, नोंदणीकृत मूल्यांककाकडून 2001 चं मूल्यांकन आणि सातबाऱ्यावरचा पीकपेरा. ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) न केल्याने रान पडीक दिसत असेल, तर कसल्याचा पुरावा कुठून आणणार? दलाल म्हणतो “रजिस्ट्री उरकून घ्या, टॅक्सचं नंतर बघू.” त्याला कमिशन मिळालेलं असतं. नोटीस तुमच्या दारात येते.

प्लॉटचा इसार रोखीत घेऊ नका. 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो.

रेडी रेकनर (सरकारी दर) 40 लाख सांगत असताना खरेदीखत 30 लाखांचं केलं, तर विकणाऱ्याचा नफा विक्री किंमत 40 लाख धरून मोजतात आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात 10 लाख वाढतात. एकाच व्यवहारात दोघांचंही नुकसान.

50 लाखांचा किंवा त्यावरचा प्लॉट, फ्लॅट घेताना एक टक्का टीडीएस कापून भरणं हे घेणाऱ्याचं काम आहे. बिल्डर करेल म्हणून थांबू नका.

आता शेअरवाल्या पोरांकडे येतो. यांची मला जास्त काळजी वाटते, कारण कमाई लहान आणि घाई मोठी. नांदेडच्या एका मुलाने ऑप्शनमध्ये (शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत) वर्षभरात 3 लाख 40 हजार घालवले. “तोटाच झालाय, रिटर्न कशाला भरू?” म्हणून भरलं नाही. पुढच्या वर्षी 2 लाख 90 हजार कमावले. पहिलं रिटर्न मुदतीत भरलं असतं तर तो तोटा आठ वर्षं पुढे ओढता आला असता आणि या नफ्यावर एक रुपया टॅक्स लागला नसता. मुदत गेली, तोटा गेला. तो माझ्यासमोर मोबाईल धरून लाल आकडे दाखवत होता, “हे बघा ना, खरंच गेलेत.” गेले होते, पण कायद्याच्या लेखी त्यांची नोंदच नव्हती.

ऑप्शन-फ्युचरचं उत्पन्न धंद्याचं असतं, त्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) सट्ट्यात मोडतो, त्याचा तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून आणि फक्त चार वर्षं. दोन्हींना आयटीआर-3 हा रिटर्नचा फॉर्म लागतो. ॲपवर दोन मिनिटांत आयटीआर-1 भरून मोकळे होणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

शेअर वर्षभर ठेवून विकला तर सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला टॅक्स नाही, पुढे साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकला तर 20. अकरा महिने ठेवलेला शेअर घाईत विकणारे दरवर्षी भेटतात. 31 जानेवारी 2018 च्या आधीचे शेअर असतील तर त्या दिवसाचा भाव शोधून ठेवा, खरेदी किंमत धरताना तो उपयोगी पडतो. बायकोला पैसे देऊन तिच्या नावाने शेअर घेतले तरी त्यांचं उत्पन्न तुमच्यातच मोजलं जातं. डिव्हिडंड लहान असला तरी दाखवा, एआयएसमध्ये (आयकर विभागाकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात) तो आलेला असतो.

मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं ब्रोकरचं स्टेटमेंट मागवतो. एप्रिलमध्ये आणलं तर मला फक्त बेरीज करता येते. मार्चमध्ये आणलं तर सव्वा लाखाच्या आत काय विकायचं आणि कोणता तोटा याच वर्षी घ्यायचा, ते दोघं मिळून ठरवता येतं.