दवाखान्यात चढतं, घरी उतरतं: बीपी नीट मोजायची पद्धत

दवाखान्यात वरचा आकडा १५८ आणि घरी १२६, यात दोष मशीनचाच असतो असं नाही. धास्तीनं अंगात ॲड्रेनलिन हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. जीव शांत झाला की आकडा उतरतो. राजारामपुरीतल्या दवाखान्याचा जिना चढून लगेच हात पुढे केला, तर तो वाढलेलाच येणार.

मला उपयोग झाला तो मोजणी सुधारल्याचा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू बंद, लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प. गप्प म्हणजे गप्प, मोबाईलही नको. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत. जाड दंडाला लहान पट्टा आवळला की आकडा खोटाच जास्त दाखवतो.

सकाळी गोळी आणि मिसळ दोन्हींच्या आधी, मग रात्री. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर आली तर ती नुसती धास्ती नव्हे, वही घेऊन डॉक्टर गाठा. गोळी मनानं बंद करू नका. दर दहा मिनिटांनी मोजत बसलात तर त्यानंच चढेल. १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखत असेल, धाप लागली किंवा बोलणं अडखळलं, तर थेट १०८.