न निघालेली तबकडी, न झालेला चित्रपट: पर्यायी इतिहास कसा रचावा

अमुक नट आणि तमुक संगीतकार कधी एकत्र आलेच नाहीत, मग आणा त्यांना एकत्र आणि करा एक पोस्टर. न झालेल्या चित्रपटांच्या नावाखाली बहुतेक वेळा एवढंच चालतं. ही आवडत्या माणसांची यादी झाली, पर्यायी इतिहास नव्हे. पर्यायी इतिहास म्हणजे एखादी गोष्ट वेगळी घडली असती तर पुढे काय झालं असतं, याची मांडणी. वाचणाऱ्याला क्षणभर वाटलं पाहिजे की हे झालंच असतं, थोडक्यात हुकलं. त्यासाठी कल्पनेपेक्षा हिशेब जास्त लागतो. ‘कल्पनेला मोकळं सोडा’ असं सांगणाऱ्याने हे काम कधी शेवटापर्यंत नेलेलं नसतं.

काळ निवडा. ज्या काळातली गाणी आणि सिनेमे तुम्हाला आधीच पाठ आहेत, तोच.

माप ठरवा. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटं मावतात, एलपीच्या म्हणजे लाँग-प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांच्या आसपास. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली तेव्हा सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली होती, म्हणजे दोन तासांहून किंचित जास्त. तुमचा काल्पनिक चित्रपट १९४३ सालचा असेल तर तो तीन तासांचा असूच शकत नाही. माप आधी ठरलं की अर्धे निर्णय आपोआप होतात.

इतिहासात फट कुठे पाडायची, म्हणजे खऱ्या घटनांपासून कुठे वेगळं वळायचं, ते ठरवा. इथेच सगळं अडतं. मलाही याच पायरीने सर्वांत जास्त छळलं, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली ताकीद: कुणाचा मृत्यू टाळू नका. गुरुदत्त १० ऑक्टोबर १९६४ला गेले, स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. ‘ते असते तर’ हे मनात येणारच, मलाही येतं. पण त्या दुःखातून रचलेला प्रत्येक चित्रपट उत्कृष्टच निघतो, कारण गेलेल्या माणसाला वाईट चित्रपट द्यायला आपलं मन धजत नाही. शिवाय अशा बदलात बाकीचं जग जसंच्या तसं राहतं. ती व्यक्ती तेवढी परत येते आणि सगळ्यांच्या तारखा तिच्यासाठी रिकाम्या असतात. पुढच्या दहा वर्षांत ज्या भूमिका इतर अभिनेत्रींनी केल्या, त्यांतल्या कुणाच्या हातून काय गेलं असतं, हे लिहायची तयारी कुणाचीच नसते.

त्याऐवजी कागदावर झालेला एखादा निर्णय शोधा. परवाना, कर, कोटा, संप, रेडिओचं धोरण. कुणीतरी सही केली म्हणजे कुणीतरी सही न करणंही शक्य होतं. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. तो महिन्याभरात मिटला असता तर लालबागच्या ‘भारतमाता’समोरच्या रांगेतल्या माणसाच्या खिशात पगार असता. तो पगार हातात असलेला प्रेक्षक धरून १९८४चा मराठी चित्रपट कसा झाला असता, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते सर्वांत उत्तम फट रेडिओची आहे. १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवरचं चित्रपटसंगीत आधी कमी झालं, मग जवळपास बंदच पडलं, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली तेव्हा ती गाणी परत आली. या फटीला सुरुवात आहे आणि शेवटही आहे. ज्या बदलाला शेवट नाही तो पसरत जातो आणि तुम्हाला सगळा देश नव्याने लिहावा लागतो. इथे पाच वर्षं मिळतात, ती पुष्कळ झाली.

आता कड्या जोडा, फक्त तीन. केसकरांनी चित्रपटगीतांना हात लावला नाही, असं धरू. पहिली कडी: आकाशवाणीचे तास चित्रपटगीतांनी भरलेले राहतात, सुगम संगीताला जागा कमी मिळते. दुसरी: पुणे केंद्राला एकाच कथेवर दर आठवड्याला नवं गीत वर्षभर देण्याची मुभा मिळत नाही. तिसरी: गदिमा आणि सुधीर फडके यांच्या हातात आठच गीतं उरतात, आणि ती मुंबईतल्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहात चार तबकड्यांवर येतात.

म्हणजे गीतरामायण गेलं. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून सुरू झालेली ती छप्पन्न गीतं या इतिहासात नाहीत. हे लिहिताना मला खरोखर त्रास झाला आणि तो व्हायलाच हवा. तुमच्या बदलाने तुम्हाला प्रिय असलेलं काहीच पुसलं गेलं नसेल, तर तुम्ही इतिहासाला हात लावलेलाच नाही. किंमत आधी लिहून काढा, तबकडी नंतर. ‘हेही राहील आणि तेही मिळेल’ असं करणारा मजकूर मी दुसऱ्या परिच्छेदातच बाजूला ठेवतो.

किंमत मोजली की माप कामाला येतं. गीतरामायणातली कित्येक गीतं आठ-दहा कडव्यांची आहेत. सव्वातीन मिनिटांत फार तर तीन कडवी बसतील. मग कथा पुढे नेणारी कडवी गळतात, भावनेची राहतात. रामकथा सांगणारा निवेदक उरत नाही, हळहळणारी माणसं उरतात. वाद्यमेळही बदलतो. त्या काळी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोव्याकडच्या संयोजकांच्या हाती होता, तेव्हा वनवासाच्या गाण्यामागे व्हायोलिनांचा ताफा येणार. सीतेचं गाणं तसं ऐकू यायला लागलं, की हा संच निघाला असता यावर माझा विश्वास बसतो. तो मूळ गीतरामायणाहून चांगला आहे का? नाही. चांगला नसणं हीच त्याच्या खरेपणाची खूण आहे.

चौथी कडी जोडायचा मोह होतो: या संचामुळे पुढे मराठी चित्रपट बदलले, मग अमुक संगीतकार मराठीतच राहिला, वगैरे. तिथे कुणीच काही तपासू शकत नाही, म्हणून तीनवर थांबा.

माणसं मोकळी होती का ते पाहा. त्या वर्षी कोण कुठल्या चित्रपटात गुंतलं होतं, ते त्या वर्षीच्या श्रेयनामावल्यांत सापडतं.

कागद त्या काळचा करा. तबकडी १९५६ची असेल तर किंमत रुपये-आण्यांत हवी, कारण नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. जाहिरातीत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार हवेत, ते १९६२च्या लेखननियमांनंतर गेले. यंत्राकडून करून घेतलेली पोस्टरं इथेच उघडी पडतात: चेहरा जुना, अक्षरं आजची. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या मासिकांच्या जाहिराती पाहा, चोर बाजारात जुन्या तबकड्यांची पाकिटं हातात घेऊन पाहा. पेडर रोडचं चित्रपट संग्रहालयही एकदा बघून या.

गाण्याच्या ओळी लिहू नका. गाण्याचा प्रसंग सांगा, कोण गातं ते सांगा, कुठलं कडवं गळलं ते सांगा. पण खऱ्या कवीच्या नावावर स्वतःची ओळ कधीही घालू नका, कितीही जमली असली तरी. परीक्षण लिहायचं असेल तर ते काल्पनिक समीक्षकाचं करा आणि त्यात एखादी तक्रार असू द्या.

‘काल्पनिक’ हा शब्द चित्राच्या आतच छापा, खाली मजकुरात नव्हे. मजकूर पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडतो आणि महिन्याभरात तीच तबकडी ‘दुर्मीळ ठेवा’ म्हणून तुमच्याच कुटुंबाच्या ग्रुपवर येते. अक्षर इतकं मोठं ठेवा की कुणी कडा कापल्या तरी ते उरेल, आणि जागा मधोमध, नायिकेच्या नावाच्या अगदी शेजारी.